घराच्या वीस जागा, ऐंशी आकडे : स्मृतिमहाल बांधण्याची क्रमवार रीत

स्मृतिमहाल म्हणजे ओळखीच्या घरातल्या जागांवर मनातली चित्रं ठेवायची आणि त्याच जागांवरून मनात चालत ती ओळीने आठवायची, ही रीत. स्मरणशक्तीच्या स्पर्धेत उतरायचं म्हणून किंवा नुसती हौस म्हणून शिकायला येणारे बहुतेक जण एकाच जागी अडकतात. पहिल्या दिवशीच कोणीतरी हातात पत्त्यांचा कॅट किंवा आकड्यांचा कागद देतं, मोबाइलवर घड्याळ लावलं जातं आणि चित्रं 'डोळ्यांसमोर आणायला' सुरुवात होते. तीन-चार दिवस मजा येते. मग चित्रं एकमेकांत मिसळतात, आकडे मागेपुढे होतात आणि 'माझी स्मरणशक्तीच कमी' असं म्हणून वही बंद होते. स्मरणशक्तीचा यात काही दोष नसतो. क्रम उलटा धरलेला असतो. आधी जागा, मग अक्षरं, मग शब्द, मग चित्र आणि घड्याळ सगळ्यात शेवटी, असा हा क्रम आहे. यातला एकही टप्पा दुसऱ्याच्या आधी करता येत नाही.

खालची रीत एका ठरावीक कामासाठी आहे : ऐंशी आकडे एकदा पाहून ओळीने लिहिणं. ऐंशीच का? जागतिक स्मरण स्पर्धेत आकड्यांचा जो कागद देतात त्यात एका ओळीत ४० आकडे असतात, म्हणजे ऐंशी आकडे झाल्या दोन ओळी. आपला हिशोबही सोपा बसतो. वीस जागा, प्रत्येक जागी दोन चित्रं, प्रत्येक चित्रात दोन आकडे.

सुरुवातीआधी जमवायच्या गोष्टी

दोन वह्या लागतील, एक शब्दांची आणि एक चुकांची. पेन्सिल नको, पेन घ्या, म्हणजे चूक खोडता येणार नाही. हाऊजीचा खेळ घरात असेल तर त्यातले १ ते ९० क्रमांक फार उपयोगी पडतात. नसेल तर ०० ते ९९ अशा शंभर चिठ्ठ्या कापून डब्यात भरा. घड्याळ अजून काढू नका.

टप्पा १ : वाट निवडणं

वाट म्हणजे ठरलेल्या क्रमाने येणाऱ्या वीस जागा. त्या कल्पनेतल्या नकोत, पायांना ठाऊक असलेल्या हव्यात. या बाबतीत कोकणातला माणूस नशीबवान, कारण इथलं जुनं घर एका ओळीतच बांधलेलं असतं. बेड्यातून (कुंपणातून आत यायच्या वाटेतून) आत शिरलं की खळं (पुढचं अंगण), खळ्यातून ओटी, ओटीवरून माजघर, तिथून स्वयंपाकघर, मागची पडवी आणि मग परसू. माणूस घरात जसा चालतो तशीच वाट आपोआप लागते. मुंबईच्या फ्लॅटमध्ये ही सोय नाही. तिथे तीन खोल्या एकाच पॅसेजमध्ये उघडतात आणि आधी कुठे वळायचं हे दर वेळी ठरवावं लागतं. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत आणि गणपतीला गावी येणाऱ्यांनी खुशाल गावचं घर घ्यावं.

वीस जागा पाच-पाचच्या चार गटांत घ्या. नमुना देतो, पण तो उतरवून घेऊ नका. तुमच्या घरात जे आहे तेच लिहा.

बाहेर : १ बेडं, २ तुळशीवृंदावन, ३ ओटीची पायरी, ४ झोपाळा, ५ छत्र्या अडकवायची खुंटी.

आत : ६ माजघराचा उंबरा, ७ देव्हारा, ८ लोखंडी कपाट, ९ माळ्यावर जाणारी शिडी, १० काळोख्या खोलीतली भाताची कणगी.

मागे : ११ चूल, १२ मीठमसाल्याची फळी, १३ मोरी, १४ पाटा-वरवंटा, १५ मागच्या दाराचा अडसर.

परसू : १६ न्हाणीचा चुलाणा, १७ विहिरीचा रहाट, १८ गोठ्याची गव्हाण, १९ फणसाचं खोड, २० गडग्याचा (दगडी कुंपणाचा) कोपरा.

इथे होणाऱ्या चुका नीट पाहून घ्या, कारण पुढची निम्मी गडबड इथूनच सुरू होते.

पहिली चूक, सारख्या दिसणाऱ्या जागा घेण्याची. ओटीचे चार खांब म्हणजे चार जागा नाहीत, ती एकच जागा. खांबांवर ठेवलेली चित्रं दुसऱ्यावरून तिसऱ्यावर कधी गेली ते तुम्हाला कळणारसुद्धा नाही. चार दारं, सहा खिडक्या, दोन पलंग यांनाही हाच न्याय.

दुसरी चूक, फार जवळच्या किंवा फार लहान जागा घेण्याची. देव्हाऱ्यातली घंटा, समई आणि निरांजन या तीन जागा करणारे खूप भेटतात. मनातल्या चित्राला हातपाय पसरायला जागा लागते. दोन जागांमध्ये निदान चार पावलांचं अंतर ठेवा.

तिसरी चूक खास आपल्याकडची. गावचं घर मध्ये पाडून नवं बांधलेलं असतं. मातीच्या जमिनीच्या जागी लादी आली, कौलं जाऊन स्लॅब आला, चुलीच्या जागी गॅसचा ओटा आला. मग माणूस ओटी जुन्या घराची घेतो आणि स्वयंपाकघर नव्या घराचं. असं करू नका. जुनं घर लख्ख आठवत असेल तर सगळी वाट जुन्या घराची घ्या. घर आज उभं असलंच पाहिजे, असं काही नाही. मात्र दोन घरांची सरमिसळ केलीत की माजघराच्या उंबऱ्यावर येऊन दर वेळी अडखळाल.

> सावध : कोकण रेल्वेची स्टेशनं वाट म्हणून घेऊ नका. खेड, चिपळूण, सावर्डे, संगमेश्वर, रत्नागिरी ही नावं ओळीने पाठ असतात, म्हणून हा मोह अनेकांना होतो. पण नाव पाठ असणं वेगळं आणि जागा डोळ्यांसमोर असणं वेगळं. उक्षी किंवा निवसरच्या फलाटावर तुम्ही कधी उतरलाच नसाल, तर तिथे चित्र कशावर ठेवणार?

टप्पा २ : वाट पक्की करणं

घरात असाल तर प्रत्यक्ष चाला. प्रत्येक जागेला हात लावा आणि तिचा क्रमांक मोठ्याने म्हणा. घरापासून लांब असाल तर डोळे मिटून चाला. सरळ जमलं की उलटं, गडग्यापासून बेड्यापर्यंत. उलटं चालताना जिथे थांबायला होतं ती जागा कच्ची. तिथे आणखी थोडा वेळ उभे राहा. खुंटीवर काय काय अडकवलंय, चुलाण्याला कुठल्या बाजूने काजळी धरलीय, असं काहीतरी बारीक हेरून ठेवा.

पाचवी, दहावी, पंधरावी आणि विसावी जागा लक्षात राहायला सोपी हवी, म्हणजे मधली जागा शोधताना पहिल्यापासून मोजावं लागत नाही.

> तपासणी : दुसऱ्या कुणाला तरी १ ते २० मधला कुठलाही क्रमांक विचारायला सांगा. 'तेरा?' म्हटल्याबरोबर 'मोरी' असं उत्तर आलं पाहिजे. बेड्यापासून मोजत आलात तर टप्पा ३ कडे जाऊ नका.

टप्पा ३ : आकड्याला अक्षर

आकडा नुसता आठवत नाही, कारण त्याला रूप नसतं. आधी त्याचं अक्षर करायचं, मग अक्षरांचा शब्द आणि शब्दाचं चित्र. इंग्रजी आवाजांवर बेतलेले तक्ते सगळीकडे मिळतात आणि लोक ते घेऊन मराठी शब्द शोधत बसतात. त्यात डोकेफोडीच जास्त, कारण ट आणि ठ, द आणि ध यांचा भेद त्या तक्त्यांना माहीतच नाही. आपल्याकडे यासाठी जुनी कटपयादी पद्धत आहे. ती आपल्या मुळाक्षरांच्या क्रमावरच उभी आहे, त्यामुळे अर्ध्या तासात पाठ होते.

१ : क, ट, प, य
२ : ख, ठ, फ, र
३ : ग, ड, ब, ल
४ : घ, ढ, भ, व
५ : ङ, ण, म, श
६ : च, त, ष
७ : छ, थ, स
८ : ज, द, ह
९ : झ, ध, ळ
० : ञ, न आणि सुटे स्वर (अ, आ, ई, ऊ वगैरे)

वापरायचे नियम थोडेच आहेत. काना, मात्रा, वेलांटी, उकार यांना किंमत नाही. अनुस्वारालाही नाही, म्हणून 'कांदा' म्हणजे क आणि द, १८. जोडाक्षरात फक्त शेवटचं व्यंजन धरायचं. 'हत्ती' झाला ८६. 'म्हैस' लिहिताना म दिसतो, पण म्ह मधला ह धरायचा, म्हणून ८७. 'कात्री' पाहून बरेच जण १६ लिहितात. तिथे त्र मधला र धरायचा, म्हणून ती १२.

पूर्वी या पद्धतीत अंक उजवीकडून डावीकडे वाचत. आपण तसं करायचं नाही. स्पर्धेचा कागद, फोन नंबर, गाडीची पाटी सगळं डावीकडून वाचतो, तर शब्दही तसाच वाचायचा. 'पेज' म्हणजे १८, ८१ नव्हे. एकदा ठरवलं की त्यात बदल नाही.

> सावध : अक्षर लेखी रूपावरून धरा, बोलण्यावरून नको. घरात 'पाणी'चं 'पानी' होत असेल तर ५ चा ० होईल. 'शेव'ला 'सेव' म्हणत असाल तर ५ चा ७ होईल. ळ आणि ल मध्ये तर थेट नऊ आणि तीनचा फरक आहे.

सरावासाठी महामार्गासारखी जागा नाही. एसटीच्या खिडकीशी बसा आणि समोरून येणाऱ्या गाड्यांच्या पाट्या अक्षरांत वाचा. रत्नागिरीच्या गाडीवरचा ०८ म्हणजे 'आजी' आणि सिंधुदुर्गच्या गाडीवरचा ०७ म्हणजे 'नथ'. कागद घेऊन बसण्यापेक्षा हे बरं, आणि प्रवासही लवकर सरतो.

टप्पा ४ : शंभर शब्द

आता ०० ते ९९ साठी एकेक शब्द ठरवायचा. हा टप्पा लोकांना कंटाळवाणा वाटतो म्हणून ते दुसऱ्याची तयार यादी उचलतात. तसं करू नका. दुसऱ्याच्या यादीतली घार तुम्ही जवळून पाहिलेली नसते. स्वतःची यादी करायला आठवडा लागला तरी चालेल, कारण पुढे अनेक वर्षं हेच शब्द वापरायचे आहेत.

शब्द कसा हवा? हातात धरता येईल, निदान डोळ्यांना दिसेल असा. 'नाम', 'भाव', 'सण' हे उपयोगाचे नाहीत. 'भाव' कुठल्या रंगाचा? नमुन्यादाखल काही शब्द :

०० आई, ०४ नाव, ०८ आजी, ०९ नळ, १० पान, १२ पेरू, १७ पोथी, १८ पेज, १९ केळं, २१ फेटा, २४ रवी (ताक घुसळायची), २५ फणी, ३१ बूट, ३३ डबा, ३४ डाव (आमटी वाढायचा), ३७ बस, ३९ गूळ, ४१ वीट, ४२ घार, ४४ वाघ, ४५ वेणी, ४६ भाता (लोहाराचा), ४९ वाळू, ५२ मोर, ५३ माड, ५७ मासा, ५९ मध, ६० चुना, ६१ चाक, ६२ तोफ, ६४ तवा, ६८ चहा, ७० सोनं, ७१ साप, ७२ सुरी, ७३ सोलं, ७७ ससा, ८४ दिवा, ८६ हत्ती, ८७ म्हैस, ८८ दही, ९१ झाप, ९२ झरा, ९३ झगा, ९५ धणे, ९९ झोळी.

काही आकडे हट्टी असतात. तिथे तीन अक्षरी शब्द घ्या आणि फक्त पहिली दोन अक्षरं धरा : ९६ साठी 'धोतर', ९७ साठी 'धसकट' (कापणीनंतर शेतात पायाला टोचणारं). ७४ साठी माझ्याकडे शिकणाऱ्या एका बाईंनी 'सवत' घेतली. तो आकडा त्या कधी विसरत नाहीत.

आता सगळ्यात जास्त घोळ कुठे होतो ते सांगतो. शब्द निराळे असतात, पण चित्रं सारखी निघतात. 'नाग' ०३ आणि 'साप' ७१ : देव्हाऱ्यावर वेटोळं दिसलं, आता त्याला काय म्हणायचं? 'नाव' ०४ आणि 'होडी' ८३ : पाण्यावर दोन्ही एकच. जनावरांत तर कहर होतो. 'रेडा' २३, 'गाय' ३१, 'बैल' ३३, 'गवा' ३४, 'म्हैस' ८७, हे पाचही शब्द नियमात चोख बसतात, म्हणून पहिल्या यादीत हमखास येतात. शिंगांचं आणि चार पायांचं काहीतरी काळंपांढरं गोठ्यापाशी उभं आहे एवढंच आठवतं आणि पाचातला एक आकडा अंदाजाने लिहावा लागतो. पाचातलं एकच ठेवा. मी म्हैस ठेवतो आणि बाकीच्यांना फूल, बूट, डबा, डाव असे शब्द देतो. खाण्याच्या पदार्थांतही हेच : पेज, भात, खीर, तिन्ही भांड्यातलं पांढरं. म्हणून ४६ ला 'भात' न घेता 'भाता' घेतलाय.

दुसरी एक गोष्ट सहसा कोणी तपासत नाही. वाटेवरची जागा आणि यादीतला शब्द एकच असता कामा नये. चूल ही तुमची अकरावी जागा असेल तर ६३ साठी 'चूल' चालणार नाही. तिथे 'तेल' घ्या आणि खोबरेलाची बाटली पाहा. ४६ साठी 'भिंत' घेतलीत तर ती घराच्या भिंतीतच हरवेल. खळ्यात माड असेल पण तो वाटेवरची जागा नसेल, तर ५३ ला माड घ्यायला हरकत नाही.

> तपासणी : हाऊजीच्या पिशवीतून एकेक क्रमांक काढा आणि शब्द म्हणा. (एकेरी क्रमांकाआधी शून्य धरा. शून्य आणि ९१ पासून पुढचे आकडे वेगळे विचारून घ्या.) ज्या क्रमांकाला अडलात तो बाजूला ठेवा आणि सत्राच्या शेवटी पुन्हा घ्या. मग उलटंही करा : दुसऱ्याने शब्द म्हणायचा, तुम्ही आकडा सांगायचा. शब्द आठवण्याआधी चित्र दिसायला लागलं की हा टप्पा झाला. त्याआधी नाही.

टप्पा ५ : चित्र ठेवणं

इथवर आलेल्याला आता पहिल्यांदा आकड्यांचा कागद घ्यायला परवानगी. घड्याळ अजून नाहीच.

नियम एकच आणि तो मोडायचा नाही : जोडीतलं पहिलं चित्र दुसऱ्याला काहीतरी करतं आणि दोघं मिळून जागेला काहीतरी करतात. पहिलं करणारं, दुसरं सोसणारं. क्रम त्यातूनच राहतो.

समजा कागदावर ५३१८ ७१४६ ८७०४ आहेत.

पहिली जागा बेडं, आकडे ५३ आणि १८. माड आणि पेज. माड बेड्यात आडवा पडलाय, त्याच्या शेंड्यातून ऊन ऊन पेज भळभळा ओततेय आणि पायरीच्या चिऱ्यावरून तुमच्या अनवाणी पायांवर येतेय. पाय भाजतो. थांबा, तो चटका जाणवू द्या. मग पुढे जा.

दुसरी जागा तुळशीवृंदावन, आकडे ७१ आणि ४६. साप आणि भाता. सापाने वृंदावनाला वेढा घातलाय आणि तोंडाने लोहाराचा भाता दाबतोय. प्रत्येक फुंकरीसरशी तुळशीची पानं उडतायत आणि पणतीची काजळी सगळीकडे पसरतेय. आई आता ओरडणार.

तिसरी जागा ओटीची पायरी, आकडे ८७ आणि ०४. म्हैस आणि नाव. म्हैस नावेत बसून वल्हं मारतेय, पाणी कुठेच नाही, नावेच्या बुडाने पायरीवर खर्रर्र ओरखडा उठलाय.

या तीन चित्रांत काय सारखं आहे ते पाहा. प्रत्येकात हालचाल आहे. प्रत्येकात डोळ्यांखेरीज आणखी एखादं ज्ञानेंद्रिय आहे : चटका, वारा, आवाज. आणि प्रत्येकात जागेचं काहीतरी बिघडलंय. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच नेमकं विसरलं जातं. माड आणि पेज यांची गोष्ट छान जमते, पण ती बेड्यात घडते की बंदरावर याचा चित्राशी संबंधच नसतो. मग आठवताना बेड्यापाशी आलात तर तिथे काहीच सापडत नाही. चित्र हरवलेलं नसतं, ते त्या जागेला चिकटवलेलंच नसतं.

उलट बाजूची चूकही होते. काही जण एकेका जागेवर पूर्ण दशावतार उभा करतात, संवादांसकट. एवढं लागत नाही. एक क्रिया, एक परिणाम आणि पुढची जागा. सुरुवातीला प्रत्येक जागेवर दहा-पंधरा सेकंद गेले तरी चालतील, पण गोष्ट लांबवू नका. 'हास्यास्पद असलं की लक्षात राहतं' हे अर्धंच खरं आहे. वीसच्या वीस चित्रं हास्यास्पद झाली की त्यातलं कुठलंच उठून दिसत नाही. साधं पण ठसठशीत चालतं.

> सावध : शब्द मनातल्या मनात पुटपुटू नका. 'माड पेज साप भाता' असं चार वेळा म्हटलं की पाठांतर सुरू होतं आणि ते सात-आठ शब्दांपुढे टिकत नाही. ओठ हलतायत असं वाटलं तर पेन दातात धरा.

पाच जागा झाल्या की एक झपाट्याची फेरी मागून मारा. नंतर पुढच्या पाच. वीस जागा झाल्या की पूर्ण वाटेवरून एक फेरी. फेरीत नवं काही रचायचं नाही, ठेवलेलं फक्त पाहायचं.

टप्पा ६ : आठवून लिहिणं

कागद उलटा ठेवा. लगेच लिहायला बसू नका, पाणी पिऊन या, खिडकीबाहेर पाहा. ताजं ताजं लिहून टाकलं की जमल्यासारखं वाटतं, पण आठवणीची परीक्षा होत नाही.

लिहिताना बेड्यापासून चालत निघा. एखादी जागा रिकामी सापडली तर तिथे हटून बसू नका. चार आकड्यांची जागा मोकळी सोडा आणि पुढे जा. शेवटच्या जागेवर पोचल्यावर मागे या. बरेचदा तोवर ती चित्रं आपली आपण परत आलेली असतात. मोकळी जागा न सोडता पुढे लिहीत गेलात तर सगळी ओळ सरकते, आणि आठवलेले आकडेही चुकीचे ठरतात.

गुण देताना स्पर्धेचाच नियम लावा, म्हणजे सवय होईल. ४० च्या ४० बरोबर तर ४० गुण. एक चूक झाली तर निम्मे, २०. दोन किंवा जास्त चुका झाल्या तर त्या ओळीचे शून्य. कठोर वाटतं, पण याच नियमामुळे ऐंशी आकडे अर्धवट पाहण्यापेक्षा चाळीस नीट पाहिलेले बरे, हे हाताला कळतं.

टप्पा ७ : चुकांची वही

लोक वहीत गुण लिहितात आणि चुका सोडून देतात. उलट करा. प्रत्येक चुकीपुढे तिचं कारण लिहा. कारणं चार-पाचच निघतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

जागा पूर्ण रिकामी सापडली : चित्र जागेला चिकटलं नव्हतं. तीच जागा वारंवार रिकामी सापडत असेल तर दोष जागेचा आहे, ती बदला. काळोखी खोली घेणाऱ्यांचं असं बरेचदा होतं. खरोखरच्या खोलीत काही दिसत नाही, म्हणून मनातही दिसत नाही. तिथे मनातल्या मनात दिवा लावून ठेवा.

दोन्ही चित्रं सापडली, पण क्रम उलटा : करणारं आणि सोसणारं यांची अदलाबदल झाली. टप्पा ५ चा नियम सैल पडलाय.

चित्र बरोबर, आकडा चुकीचा : हत्ती दिसला आणि तुम्ही 'गज' म्हणून ३८ लिहिलं. यादी कच्ची आहे, परत टप्पा ४ च्या उलट्या तपासणीकडे.

दिसलं काहीतरी, पण नक्की काय ते कळेना : दोन शब्दांची चित्रं सारखी आहेत. त्यातला एक शब्द आजच बदला. नंतर बदलू म्हटलं की तो शब्द पक्का होत जातो आणि बदलणं अवघड होतं.

कालचं चित्र आज सापडलं : याचा इलाज टप्पा ९ मध्ये.

टप्पा ८ : आता घड्याळ

ऐंशी आकडे सलग काही दिवस बिनचूक येऊ लागले की घड्याळ लावा, आधी फक्त नोंदीसाठी. वेळ आपसूक कमी होत जातो. तो थांबला की मग रेटा द्यायचा : प्रत्येक जागेवर ठरावीक सेकंद आणि वेळ संपली की चित्र अर्धवट असलं तरी पुढे. अशा सत्रात चुका वाढणारच, त्या दिवसाचे गुण मोजू नका. आठवड्यातले एक-दोन दिवस असे, बाकीचे दिवस बिनचूकपणाचे. जलद आकड्यांच्या स्पर्धेत पाहायला ५ मिनिटं आणि लिहायला १५ मिनिटं मिळतात. पाच मिनिटांत दोन ओळी हे पहिलं ठिकाण समजा.

रोज किती वेळ द्यावा? अर्धा तास पुरे. नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्पर्धेशी कधी संबंध न आलेल्या लोकांना रोज अर्धा तास याप्रमाणे ४० दिवस जागांच्या पद्धतीचा सराव दिला होता. त्यांची शब्द लक्षात ठेवण्याची क्षमता दुपटीहून जास्त झाली. रविवारी चार तास बसून आठवडाभर सुट्टी घेणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

टप्पा ९ : वाट रिकामी होऊ देणं, आणि दुसरी वाट

एकाच वाटेवर सकाळी ऐंशी आकडे ठेवले आणि दुपारी दुसरे ऐंशी, तर सकाळचा साप दुपारीही वृंदावनाभोवती असतो. तो पुसायचा प्रयत्न करू नका. पुसायला जाल तर त्याच्याकडे आणखी लक्ष जाईल आणि तो आणखी पक्का होईल. वाटेला एक दिवस पडू द्या, चित्रं फिकी होतात. रोज सराव करणाऱ्याला म्हणून निदान तीन वाटा लागतात. दुसरी वाट घरापासून शाळेपर्यंतची घ्या : पाणंद, साकव, पिठाची गिरण, वाण्याचं दुकान, एसटीचा थांबा. तिसरी ग्रामदेवतेच्या देवळाची किंवा बंदरावरची. प्रत्येक वाटेला टप्पा १ आणि २ चे सगळे नियम लागू. फक्त यादी नवी लागत नाही.

मोकळ्यावरची वाट घेताना एक बघा. शिमग्यातलं देऊळ आणि आषाढातलं देऊळ अगदी वेगळं दिसतं. वाट कुठल्या दिवसातली ते आधीच ठरवून टाका आणि दर वेळी त्याच दिवसात चाला.

ज्या गोष्टी कायमच्या लक्षात ठेवायच्या, म्हणजे घरच्यांचे फोन नंबर किंवा परीक्षेसाठी घटनेतली कलमं, त्यांना सरावाची वाट देऊ नका. त्यांच्यासाठी एक वेगळी वाट राखून ठेवा आणि तिच्यावर दुसरं काहीच ठेवू नका. कलम २१ चा 'फेटा' तिथे एकदा बसवला की त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने त्या वाटेवरून एकेक फेरी मारा. महिन्याच्या फेरीत जी जागा रिकामी सापडेल तिथलं चित्र नव्याने बसवा, आणि फक्त त्या जागेची फेरी पुन्हा पहिल्या संध्याकाळपासून मोजा.